सुचवलेली किंमत

शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं मी भाव काढला.
बीड, कोक, वाळू, मजुरी,
त्यात घट धरायची, वर थोडा आपला घास.
बेरीज बोटांवर. कागद हातात नसला
तरी आकडा चुकत नव्हता.

आता माझ्याच माडीवरच्या खोलीचा भाव
कोण काढतं, मला माहीत नाही.

खोली शुक्रवार पेठेत. पतसंस्थेचं कर्ज,
गिझर, दोन गाद्या, मालननं शिवलेले पडदे.
ऋतुजानं पुण्यात बसून खातं काढून दिलं.
फोटो तीनदा परत आले, उजेड कमी म्हणून.
चौथ्यांदा खालच्या सलूनमधली ट्यूब
तासाभरासाठी मागून आणली.

मी भाव लिहिला, चौदाशे.
हिशेब होता त्यामागं: हप्ता, लाईट, धुलाई, साबण
आणि सकाळी गंगावेशीतलं लिटरभर म्हशीचं दूध.
फोन म्हणाला,
"हिंदुराव, तुमच्या भागात नऊशे चाळीस चालतं."

गल्लीत मला सगळे बापू म्हणतात.
नुसत्या नावानं हाक मारणारे वडील
जाऊन अकरा वर्षं झाली.

"नव्या यजमानांनी वीस टक्के सूट द्यावी."
द्यावी म्हणजे काय, बटण आधीच हिरवं.
सातशे बावन्न.
त्यातलं त्यांचं कापून सहाशे एकोणचाळीस,
तेही पाहुणा गेल्यावर, बँकेच्या सवडीनं.

पहिले पाहुणे सोलापूरचे. दोघे म्हणून पाच आले.
"पोरं काय हो, कुठंही झोपतील."
मालननं सतरंजी टाकली, पाचांचे पोहे केले.
जाताना पाया पडले आमच्या.
चार दिवसांनी शेरा आला:
माणसं चांगली. खोलीतून रंकाळा दिसत नाही.
चार तारे.

रंकाळा दिसतो असं मी कुठं लिहिलंय?
तक्रार टाकली. उत्तर चुटकीसरशी:
"तुमची भावना आम्ही समजू शकतो."
पुन्हा विचारलं.
तीच भावना, तेच समजणं.

नवरात्रात पेठ अशी भरली
की दुकानांच्या फळ्यांवर माणसं झोपली.
लॉजवाले अडीच हजार सांगत होते, तोंड वर करून.
माझी खोली जूनमध्येच गेलेली,
सहाही रात्री, सातशे बावन्नला.
रद्द करावं तर दंड,
वर तुमचं नाव यादीच्या तळाशी.

भट्टीत मळी वर तरंगते
आणि चोख बीड तळाला राहतं.
इथला नियम वेगळा असणार.

"बंद करा की वो ते," मालन म्हणते.
पाच तारीख तिलाही माहीत आहे,
म्हणून एकदाच म्हणते.

मी रोज पहाटे उठतो, आधी आकडा बघतो.
मंगळवारी आठशे दहा, गुरुवारी सातशे साठ,
शनिवारी का कुणास ठाऊक अकराशे.
खोली तीच. गाद्या त्याच.
नळ थोडा गळतो, तो सगळे दिवस गळतो.

काल रात्री साडेनऊला दारात एक बाई,
गडहिंग्लजहून आलेली, सोबत मुलगी,
मुलीचा सकाळी पेपर.
"रिक्षावाल्यानं सांगितलं, तुमच्याकडं खोली मिळती.
किती घ्याल?"

साधा प्रश्न. समोर माणूस उभं,
दोन जीव, एक रात्र.
अशा वेळी तोंडातून आकडा आपसूक यायचा माझ्या,
समोरच्याची चप्पल बघून दहा-वीस कमीही व्हायचा.

मी चष्मा शोधला. मग मोबाईल.
रेंज नव्हती, पडद्यावर ते गोल चाक
फिरत होतं, फिरत होतं.
मुलगी या पायावरून त्या पायावर.
मालन किल्ली घेऊन जिना चढायला लागलेली.

"थांबा हं," मी म्हणालो,
"बघून सांगतो."